मोबाइलवरचे बटणवाले

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज पुन्हा तेच! एक बाई आली, कोटाची बटणं घेतली, काउंटरवर चिकटवलेला चौकोन मोबाइलने टिपला, पैसे भरून मोकळी झाली. आणि ह्यांनी गल्ला उघडून तिच्या हातावर सुटे पैसे ठेवले. तिने नोट दिलीच नव्हती, तर सुटे कसले? बाई भली होती म्हणून बरं. ‘काका, मी मोबाइलवरून दिलेत,’ म्हणाली. तर हे म्हणतात, ‘असू द्या हो, नेहमीचं गिऱ्हाईक तुम्ही.’ तिचं तोंड ह्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं!

घरी सांगितलं तर सूनबाई हसून हसून आडवी. मुलगाही हसला. मीही हसले. ‘बाबांना मोबाइलचं कळत नाही’ — हे वाक्य आमच्या घरात आता मिठासारखं झालंय, कशातही पडतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

गिऱ्हाइकांनी नवी रीत काढलीय. एक मुलगी आली. काउंटरवर कोट पसरला, ह्यांना ढीगभर बटणं काढायला लावली, एकेक लावून बघितलं, पसंत पडलं त्याचा फोटो काढला — आणि तिथंच उभं राहून मोबाइलवर दुसरीकडून मागवलं! आमच्याच काउंटरवर कोपर टेकून! वर मलाच विचारते, ‘काकू, ह्या कंपनीचं पार्सल लवकर येतं ना हो?’ मी म्हटलं, येईल की. तोवर बस इथंच, चहा टाकते. टोमणा तिच्या डोक्यावरून गेला. ‘नको काकू, घाईत आहे,’ म्हणाली आणि गेली.

हे चिडले नाहीत. पसरलेली बटणं आपापल्या खणात परत टाकत बसले. म्हणाले, ‘पसंत तर पडलं ना तिला.’ काय बोलायचं ह्या माणसाला!

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सूनबाईच्या डोक्यात आलंय — दुकान मोबाइलवर टाकायचं. नोकरी गेल्यापासून बिचारी घरभर येरझाऱ्या घालते. आज जेवताना म्हणाली, ‘लोक दुकानात येत नाहीत ना, मग दुकानाने लोकांच्या हातात जायचं. प्रत्येक बटणाचा फोटो, त्याला नंबर. बोट लावलं की ऑर्डर.’ मुलगा म्हणाला, ‘त्यापेक्षा बंदच करू या. बाबांनी खूप केलं. आता आराम करू दे.’

हे ताटाकडे बघत होते. मग एकदम म्हणाले, ‘घरी बसून करू काय?’

मला खात्री आहे, दुकान गेलं तर हा माणूस महिन्याभरात अंथरूण धरेल. माल किती खपतो ह्याची मला फिकीर नाही. सकाळी शर्टाची इस्त्री तपासून, किल्ल्या खिशात टाकून घराबाहेर पडायला ह्यांना जागा हवी, बस्स. म्हणून मी सूनबाईच्या बाजूने. मोबाइल मला फुटक्या डोळ्याने बघवत नाही, पण बुडत्याला काडीचा आधार.

रविवार, १६ फेब्रुवारी

ह्यांना सर्दी. काढा पाजून झोपवलं आणि आम्ही सासू-सुना फोटोंना बसलो.

आमच्या दुकानात एक अख्खी भिंत लाकडी खणांची आहे. प्रत्येक खणाच्या तोंडावर दोन भोकं पाडून आतल्या मालातलं एक बटण दोऱ्याने बांधलेलं — आत काय आहे ते बाहेरून कळावं म्हणून. माझ्या सासऱ्यांची पद्धत. ते वरचं बटण विकायचं नाही. आतला माल संपला तरी नाही. सूनबाई म्हणाली, आतली बटणं मळकट दिसतात, वरची बघा कशी चकचकीत आहेत. ह्यांच्या बोटांनी घासून घासून तशी झालीत. तर वरचीच कापून काढली, खिडकीत पांढऱ्या कागदावर एकेक ठेवून फोटो काढले. कात्री मीच दिली. खणांवर नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. परत बांधायला उजेड उरला नाही. सगळी बटणं एका डब्यात भरली, उद्या सवडीने बांधू म्हटलं.

कितीतरी दिवसांनी इतकी मजा आली. सूनबाई गाते छान! इतकी वर्षं एका घरात राहतोय, मला पत्ता नव्हता.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सर्दी ओसरली म्हणून हे आधी गेले, मी मागून. पोचले तर एक माणूस काउंटरशी ताटकळत उभा. त्याला शर्टाची साधी पांढरी बटणं हवी होती. आणि हे भिंतीसमोर. एक खण ओढला, लावला. दुसरा ओढला. खाली बसून तिसरा. पांढरी बटणं ह्यांच्या खांद्याच्या उंचीला आहेत, आमच्या लग्नाच्या आधीपासून तिथंच आहेत!

मला वाटलं रागावलेत. म्हटलं, अहो, आम्हीच काढली वरची बटणं, फोटोसाठी. हे वळले. घामाघूम झाले होते. माझा हात धरून अगदी हळू विचारलं, ‘आपलं दुकान कुठं गेलं?’

तो माणूस समजूतदारपणे म्हणाला, ‘नव्या पद्धतीचं केलंय वाटतं. म्हाताऱ्या माणसांना जड जातं हे मोबाइलचं.’ मी हो म्हटलं. हो म्हणताना ते सुटे पैसे आठवले.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

काही लिहवत नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज दुकान अर्धं उघडं ठेवून बटणं परत बांधली. सूनबाई रडून रडून लाल. काल मी तिला नको नको ते बोलले. माझ्या जिभेला हाड नाही. आज म्हटलं, कात्री माझी होती, आता गप सुईत दोरा घाल.

कुठलं बटण कुठल्या खणाचं, हा घोळ होताच. हे स्टुलावर बसले, डब्यातून एकेक बटण घेतलं, अंगठा फिरवला आणि बोटाने खण दाखवत गेले. पाच-सहा चुकले असतील. आम्ही त्यांनी सांगितलं तिथंच बांधलं. चुकलं तर चुकलं, माल उचलून दुसरीकडे टाकता येतो. शेवटी भिंतीकडे बघून हे हसले आणि म्हणाले, ‘चला, आली सगळी.’ पाहुणे आल्यासारखं!

शनिवार, १ मार्च

डॉक्टर झाले. तपासण्या झाल्या. विसरण्याचा आजार. सुरुवात नाही म्हणे, बराच आधीपासून असणार. ‘तुमच्या लक्षात कसं आलं नाही?’ — रागाने नाही विचारलं डॉक्टरबाईंनी, पण लागलं.

कसं येणार? मोबाइल होता ना मध्ये! सुटे पैसे दिले — मोबाइलचं कळत नाही. मुलाचा फोन लागला आणि नुसतेच गप्प राहिले — मोबाइलचं कळत नाही. पार्सलवाल्याने मोबाइलवर आलेला आकडा विचारला, ह्यांना सांगता आला नाही — अहो, त्यांना मोबाइलचं कळत नाही! आणि हेसुद्धा तसंच म्हणायचे, हसून. ह्यांना तरी ठाऊक होतं का? की ह्यांनाही तीच पळवाट बरी वाटत होती? विचारायचं धाडस नाही माझ्यात.

डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘रोजची जागा, रोजचं काम — होईल तितकं मोडू नका.’ मुलगा म्हणाला, पण दुकान? त्या म्हणाल्या, मी तेच म्हणतेय.

मला भीती वाटते. लिहून टाकलं. आता झोपते.

बुधवार, १२ मार्च

आज एक गंमतच झाली. सूनबाई मोबाइल तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवून बटणं दाखवत होती — लाइव्ह. बघणारी मोजकी टाळकी, त्यातली निम्मी तिच्या मैत्रिणी. कुणीतरी लिहून विचारलं, हे शिंगाचं बटण की प्लॅस्टिकचं? सूनबाई अडखळली. तिने मोठ्याने वाचलेला प्रश्न ह्यांनी ऐकला. पुढे आले, मोबाइलकडे बघून म्हणाले, ‘या, बसा.’ मोबाइलला! मग बटण गालाला लावलं. ‘शिंग गालाला गार लागतं, लगेच ऊबही धरतं. प्लॅस्टिक आपलं निर्लज्ज, आहे तसंच.’

आणि मग ती मुलाखतीची गोष्ट सुरू. एक तरुण मुलाखतीला निघाला होता आणि ऐन रस्त्यात पँटचं बटण तुटलं. हातांनी पँट धरून दुकानात शिरला. ह्यांनी त्याला काउंटरमागे कागद गुंडाळून उभा केला आणि मी बटण लावून दिलं. नोकरी त्याला मिळाली, कागदाचं आम्ही कुणाला सांगितलं नाही. गोष्ट खरी आहे. फक्त त्या वेळी माझं हसू आवरेना आणि सुई माझ्याच बोटात घुसली, ते हे कधी सांगत नाहीत.

मोबाइलवर बदामांची नुसती रांग! ‘आजोबा, अजून सांगा.’ ह्यांनी सांगितलं.

शुक्रवार, २८ मार्च

चार पार्सलं परत आली. ‘रंग जुळत नाही.’ सूनबाई डोकं धरून बसली. लोक आपल्या बटणाचा फोटो पाठवतात, ती त्यावरून जोडीचं शोधते. मग कळलं — तिच्या मोबाइलचा पडदा डोळ्यांना त्रास नको म्हणून पिवळट करून ठेवलाय! पांढरं दिसतं साईच्या रंगाचं, निळं दिसतं हिरवट. कावीळ झालेल्याला जग पिवळं, ते असं. तिला बोलणार होते, पण माझ्या चष्म्याची काच मीच कधी वेळेवर पुसत नाही.

हे म्हणाले, ‘फोटो कशाला मागवतेस? बटण मागव.’

साधी गोष्ट! सूनबाईने लगेच जाहीर केलं — तुमचं एक बटण पाकिटात घालून पाठवा, आमचे आजोबा हाताने जोडी लावून देतील. घाईच्या जमान्यात हे कोण करणार, असं मला आपलं वाटलं.

गुरुवार, ३ एप्रिल

पाकिटं आली! पिशवीभर!

रविवार, ६ एप्रिल

मुलगा आणि सूनबाईचं कडाक्याचं भांडण. मुलाच्या ऑफिसात कुणीतरी त्याला मोबाइल पुढे करून दाखवलं, ‘हे तुझे वडील ना?’ हे मुलाखतीची गोष्ट सांगत होते. एकाच लाइव्हमध्ये तिसऱ्यांदा. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘आजोबांची कॅसेट अडकली.’

‘माझ्या बापाचा तमाशा चाललाय,’ मुलगा म्हणाला. ‘आणि तुम्ही दोघी तिकिटं फाडताय.’

मलाही ओढलं त्यात. मी म्हटलं, त्याच्या खाली काय लिहिलंय तेही वाच. कुणा बाईने उत्तर दिलंय, ‘तुझी का अडकतेय मग? बंद कर मोबाइल आणि जा.’ तो वाचेना. म्हटलं, दुकानात येणाऱ्याला हे तीच गोष्ट तीनदा सांगत होतेच ना रे? तेव्हा तुला कधी लाज वाटली नाही. म्हणाला, ‘तेव्हा मला माहीत नव्हतं, आई.’ आणि तोंड फिरवून उभा राहिला. एवढा मोठा घोडा झालाय, पण पाठीवरून हात फिरवायला गेले तर हुंदका फुटला. राग नव्हताच त्याला. घाबरलाय तोही.

सोमवार, ७ एप्रिल

सूनबाईने स्वयंपाकघरात विचारलं, ‘आई, खरं सांगा. मी बाबांना वापरून घेतेय का?’

मी भाजी चिरत होते. म्हटलं, कधी कधी मलाही तसं वाटतं. खोटं कशाला बोलू? मग म्हटलं, पण पाकीट फोडताना त्यांचा चेहरा बघ. आपण बंद केलं तर लोक हसायचे थांबतील, आणि हे दिवसभर खिडकीत बसतील. दोन्हींतलं एक निवडायचं तर मी हसणाऱ्यांना हसू देते.

एवढं मात्र ठरवलं — रोज सकाळी आधी त्यांना विचारायचं. नको म्हणाले की नको. गोष्टी सांगता सांगता दमले की मोबाइल बंद. आणि वाकडंतिकडं लिहिणारा दिसला की सूनबाई त्याला दाराबाहेर काढणार. तिला ते बोटाने करता येतं म्हणे. मला दुकानात तशी सोय असती तर काय हवं होतं!

मंगळवार, २२ एप्रिल

मी रोज विचारते, ‘अहो, मोबाइलवर बोलायचं का आज?’ हे विचारतात, ‘गिऱ्हाईक आहे का?’ आहे म्हटलं की, ‘मग बोलायला नको?’ आज मात्र ‘नको, अंग जड आहे’ म्हणाले. सूनबाईने मुकाट्याने मोबाइल पिशवीत टाकला. लोकांनी चौकशी केली, आजोबा कुठं आहेत, बरे आहेत ना? बघितलेलं नाही, भेटलेलं नाही, आणि काळजी करतात! मोबाइलला मी इतक्या शिव्या घातल्यात, त्यातल्या थोड्या परत घेते. सगळ्या नाही.

रविवार, ४ मे

मुलगा दुकानात आला. आपणहून! कोटाचं तुटलेलं बटण घेऊन. हे म्हणाले, ‘या, बसा.’ ते सगळ्यांनाच तसं म्हणतात. मुलगा मुकाट्याने गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. ह्यांनी बटण हातात घेतलं, अंगठा फिरवला, खण ओढला, जोडी काढून काउंटरवर ठेवली. मग मुलाखतीची गोष्ट. लहानपणापासून पाठ आहे त्याला. पण हसायच्या जागी हसला, ‘मग?’ विचारायच्या जागी ‘मग?’ विचारलं. शेवटी ह्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, ‘तुलाही मिळेल नोकरी.’

निघताना बायकोला म्हणाला, ‘चालू दे तुमचं. फक्त समोरून एक दिवा लाव, बाबांचा चेहरा काळा दिसतो मोबाइलवर.’ वरातीमागून घोडं! पण आलं हे काय थोडं झालं?

गुरुवार, १५ मे

दिवा आला. मोबाइल नीट ठेवायला नवं तिकाटणं आलं. पार्सलवाला रोज दोनदा येतो, ह्यांच्याशी बोलल्याशिवाय जात नाही. शेजारची शिंपीणबाई म्हणते, ‘काकू, तुमचे हे आता फार मोठे माणूस झाले, आम्हाला ओळख द्या.’ म्हटलं, आधी मला देऊ देत!

विनोद म्हणून बोलले. घरी येईपर्यंत तो मलाच टोचत राहिला.

पण दिवस चांगले आहेत. हे जेवतात, झोपतात, इस्त्री तपासतात. मी खूश आहे. असं लिहिलं की काहीतरी बिनसतं म्हणतात, तरी लिहिते. खूश आहे.

सोमवार, ९ जून

दुकानाला सुट्टी. हे सारखे दाराशी जात होते, म्हणून सूनबाईने त्यांच्या हातात मोबाइल दिला आणि परवाचा व्हिडिओ लावला. खुर्चीत पुढे सरून, मान डोलावत शेवटपर्यंत बघितला. हसायच्या जागी हसले. संपल्यावर मला हाक मारली. म्हणाले, ‘अगं, ह्या म्हाताऱ्याला बटणांतलं कळतं बरं का. बोलायला गोड आहे. आपल्या दुकानात ठेवून घेऊ या? माझ्याने आता एकट्याने होत नाही.’

म्हटलं, विचारते त्याला.